काजलचं तोंड

अंबुबाईनं सुनेचा, काजलचा लग्नातला फोटो पदराखालून काढला आणि अंगणवाडीताईच्या मोबाईलपुढं धरला. मोबाईल म्हणाला, डोळे मिचकावा. आता फोटो कसले डोळे मिचकावतोय!

"आत्या, काजलच पायजे," ताई म्हणाली. "नवा नियम हाय. आईचा चेहरा जुळल्याबिगर पोरीचा खाऊ देता येत न्हाय."

काजल तर दिवाळीपासून नवऱ्यासंगं मेंढरांमागं गेलेली, लांब भीमेकाठी. तिला बोलवावं, तर मेंढरं कुणाच्या जिवावर सोडायची? दरसाल ही धनगरं लेकरं घोड्यावर घालून संगं नेत. यंदा दोन वर्षांच्या सृष्टीला मुद्दाम मागं ठेवलं होतं. पोर पार वाळून गेलेली. गावात राहिली तर अंगणवाडीचा खाऊ तरी पोटात जाईल म्हणून.

"मग माझं तोंड घे की. मीच सांभाळते तिला."

"आईऐवजी आजीचं तोंड नोंदवायला बी काजलच्या फोनवर नंबर येतो, तो सांगावा लागतो."

"तिचा फोन रानात बंदच असतोय गं."

सृष्टी आजीच्या कडेवरून फळीवरच्या खाऊच्या पाकिटांकडं हात करत होती. तेवढ्यात तिथं खुडबुड झाली. उंदरानं कोपऱ्यातलं पाकीट फोडलं होतं आणि पीठ भुरुभुरु खाली सांडत होतं. ताईनं झाडू उगारला.

"मारू नगं, खाऊ दे त्याला," अंबुबाई कडाडली. "त्याच्या आईचं तोंड कुटं मागतोय तुजा मोबाईल!"