अनेकवचनी शहर

कोर्रादो मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि टेबलाखालून बायकोची, आगातीनाची, टाच त्यांच्या पायावर आली. उघडलेल्या तोंडात त्यांनी निमूट वांग्याची फोड कोंबली.

"आज शहराच्या नावावर चकार शब्द काढलात, तर मी बहिणीकडे निघून जाईन," तिनं सकाळीच बजावलं होतं. लेकीनं, मारिनेल्लानं, लग्नाच्या विचारानं घरी आणलेले आधीचे दोघे ह्याच टेबलावरून पळाले होते. लॅटिनची मास्तरकी संपली तरी खोड कुठे जाते! एकाला तर त्यांनी जेवणाअखेरची फळं येईपर्यंत 'सिराकुसे' ह्या शहराच्या लॅटिन नावाच्या विभक्ती घोकायला लावल्या होत्या. आता हा कातानियाचा नेल्लो. पोरीचा ह्याच्यावर खरोखर जीव जडला होता. हाही गेला, तर ती बापाचं तोंड पाहणार नव्हती.

पण नेल्लो पडला लाजाळू. माशातले काटे काढत बसला होता. पोरीनं काढलेला प्रत्येक विषय 'हो'-'नाही'वर संपत होता. मारिनेल्लाचे डोळे डबडबले.

आगातीनानं डाव खाली ठेवला.

"काय रे नेल्लो, आमच्या शहराचं लॅटिन नाव अनेकवचनी का, ठाऊक आहे?"

मास्तरांना ठसका लागला.

"नाही, काकू."

"अरे, इथं सिराको नावाची दलदल होती म्हणे. तिच्यावरून ग्रीकांनी नाव ठेवलं. म्हणे हं, खात्री कुणालाच नाही! वस्त्या मात्र चार-पाच, म्हणून अनेकवचन. रोमनांनी ते आयतं उचललं. मेल्यांनी देवळातल्या मूर्तीसुद्धा उचलल्या, नावाचं काय घेऊन बसलास!"

नेल्लो खुदकन हसला. "मग 'सिराकुसेत राहतो' कसं म्हणायचं?"

"सिराकुसिस. आम्ही जन्मभर तीन खोल्यांत राहिलो, पण अनेकवचनात!"

मारिनेल्लाही हसली. नेल्लोनं खुर्ची पुढे ओढली, स्वतःहून आणखी मासा वाढून घेतला.

"आणि आमचं कातानिया, काकू?"

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, ही मान डोलावते ती शेगडीकडे लक्ष ठेवून. हिनं तर शब्दन्शब्द ऐकला होता.

"अहो, आता तुम्ही सांगा की," आगातीना हळूच म्हणाली.

"मला नाही बुवा आठवत," मास्तर म्हणाले. "तूच सांग."