उघड्या दाराचं कुलूप

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. दाराला नसलेल्या आणि तरीही न उघडणाऱ्या एका कुलपाची गोष्ट ऐकवायची आहे.

शिवांजली आटपाडीकडची. कृष्णात नावाचा माणूस तिच्या घरी आला. मिरजेत आजारी माणसांची सेवा करायचं काम देतो म्हणाला. आईचं मन धजेना, तेव्हा त्यानं देव्हाऱ्यापुढं बेलाचं पान आन खंडोबाची हळद हातात घेऊन बेलभंडार उचलला, "बहिणीगत सांभाळीन." बेलभंडार उचलल्यावर आपल्याकडं पुढं कुणी विचारत नाही. आईनंही विचारलं नाही.

मिरजेत पोचल्यावर त्यानं पोरीलाच भंडारा उचलायला लावला. त्याच्या शब्दाबाहेर गेली, तर फौजेतला तिचा भाऊ सिद्धू परत येणार नाही, अशी शपथ. मग तिचा फोन स्वतःकडं ठेवला. आईशी बोलताना शेजारी बसायचा, पुढं तेही बोलणं बंद केलं. राबायची ती, पगार त्याच्या हाती. त्यानं कधी हात उगारला नाही. "जेवलीस का?" विचारायचा, आणि घरी आता तुझं कुणाला पडलेलं नाही, हेही हळूच सांगायचा. दार सताड उघडं असायचं. ती जायची नाही.

आता तो तिला सुरतेला नेणार होता. आधी मयूरी नावाच्या मुलीला असंच नेलं होतं; तिची खबर परत आली नाही.

त्या दुपारी शिवांजली जिची सेवा करायची, त्या म्हातारीनं तिला खंडोबाच्या देवळात कीर्तनाचा प्रसाद आणायला धाडलं. भंडारा वाटणारा जवळ आला, तशी पोर मागं सरली. शेजारी पाटणच्या हरणाबाई बसल्या होत्या, नवऱ्याला दवाखान्यात घेऊन आलेल्या.

"का गं, भंडाऱ्याला भितीस व्हय?"

पोरीनं सगळं सांगितलं. हरणाबाई तिच्याजवळ सरकल्या.

"त्यानंबी उचलला हुता न्हवं तुज्या आईम्होरं? खोटी शपथ घिऊन गडी पोटभर जेवतोय, आन तू खरी आसून वाळतीस. खंडोबा काय त्याचा मुकादम हाय व्हय, पोरी राखायला?"

शिवांजलीला हसू फुटलं. हसता हसता तिला लख्ख दिसलं, की देवाचं नाव पुढं करून कृष्णातानं स्वतःचंच भय तिच्या अंगात पेरलं होतं. तिनं भंडारा घेतला, कपाळी लावला आणि हरणाबाईंच्या फोनवरून आईला गाठलं.

"आये, मला न्यायला ये."

"आगं, तुलाच बोलायचं न्हाई आसं सांगत हुता त्यो," आई रडत म्हणाली.

मग हरणाबाईंनी पोलिसांना फोन लावला. पण आधी आला कृष्णातच, म्हातारीकडनं ठिकाण काढून, जिभेवर साखर घेऊन.

"चल ताई, उपाशी आसशील. सिद्धूची काळजी न्हाई व्हय?"

"सिद्धूला देव राखंल. मी न्हाई येत."

तो वळला, तोवर टाळकरी दारात उभे होते. पोलीस येईपर्यंत गडी खांबाला टेकून बसून राहिला.

शिवांजली घरी आहे. मयूरीचा शोध चालू आहे. पुढच्या खेपेला भंडारा कपाळी लावाल, तेव्हा तिचं नाव घ्या. अशाच कुठल्या तरी उघड्या दाराशी ती अजून बसली असेल.