दोराखाली घातलेलं चिलखत

मित्रांनो, मी एक जुना, वीस बाजूंचा फासा आहे. जन्म साच्यातला, त्यामुळे कुळाचा अभिमान वगैरे काही नाही. रविवारी पेशंट नसताना दातांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत माझी नोकरी असते. तिथे डॉक्टरीणबाई, त्यांची भाची, एक वायरमन आणि एक शिंपीकाका गोष्टीचा खेळ खेळतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, बाईंनी गोष्ट पुढे न्यायची आणि कुणाचं जमलं, कुणाचं फसलं हे मी ठरवायचं. आकडा मोठा आला की फेकणाऱ्याचा हात चांगला. लहान आला की फासा भिकार. मध्ये तीन महिने मी सोफ्याखाली होतो. तिथे झाडूही फिरकला नाही.

त्या रविवारी बाईंच्या भाचीची तिरंदाज कड्यावरून घसरली आणि दोराला लोंबकळू लागली. दोन वर्षं जपलेलं पात्र! मेलं तर त्याची ताकद लिहिलेला कागद फाडायचा, हा टेबलाचा कायदा. वर यायला किमान बारा हवे होते. कुणी मदत केली, तर मला दोनदा फेकून चांगला आकडा धरता येतो.

"मी मदत करतो," मोबाइलवरची नजर न काढता वायरमन म्हणाला.

"कशी?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... ओढतो ना."

"ओढ. दोर दगडाच्या धारेवर घासतोय. तुटेल."

"मावशी, सख्ख्या भाचीला मारशील?"

"टेबलावर मी कुणाची मावशी नाही."

शिंपीकाका पुढे सरकले. "कापड धारेवरच आधी विरतं. दोराचंही तेच. खाली काहीतरी जाड हवं. माझा सरदार चिलखत काढून दोराखाली घालतो."

"काका, समोर शत्रूचे तिरंदाज आहेत. उघडे पडाल," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. फेक गं पोरी."

भाचीच्या तळव्याला घाम सुटला होता. मी त्यातच घोळलो. पहिला आकडा चार. वायरमनने मोबाइल पालथा ठेवला. दुसऱ्या वेळी मी पेल्यावर आपटलो, कोपऱ्यावर गिरकी घेतली आणि थांबलो. चौदा.

ती वर आली. पण कुणी ओरडायच्या आत बाईंनी मला उचललं. आता बाण काकांच्या सरदारावर होता. काय करणार, मित्रांनो? वीस बाजू असून माझी एकही नाही.

"थांब मावशी," भाची म्हणाली. "मी त्यांच्यापुढे उभी राहते. बाण मला."

"अगं, आत्ताच वाचलीस ना!" काका म्हणाले.

"म्हणूनच."

बाईंनी शत्रूच्या वतीने मला फेकलं. अठरा पडले. बाण खांद्यात रुतला. बाईंनी तिच्या कागदावरची ताकद खोडत खोडत खाली आणली. एक उरली. एकावर माणूस उभा राहतो.

मित्रांनो, मदतीचा शब्द फुकट असतो. तुमच्यासाठी ज्याने अंगावरचं उतरवलं, त्याला उघड्यावर सोडून पुढे जाऊ नका. आकड्यांचं मी बघतो. तेवढं तुम्ही बघा.