अमर केलेला कागद

रांगेत उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. त्यात कडेवर पाच महिन्यांची ढब्बू, खांद्याला तिची पिशवी, आणि समोर जाऊबाई फोटो काढतायत. "हस की जरा, मागे जहाज दिसतंय," त्या म्हणाल्या. जहाज कसलं, काचेपलीकडे नुसती पांढरी भिंत होती आणि तिला खिडक्या होत्या.

ही सहल दिरांनी वर्षभर आधी ठरवलेली. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पंच्याहत्तर पूर्ण होणार म्हणून सगळं कुटुंब आठवडाभर समुद्रावर. तेव्हा ढब्बू जगात नव्हती आणि आमची दत्तकाची फाइल कुठल्याशा कपाटात झोपलेली होती. ती अचानक जागी झाली, आणि दुपटी, जागरणं, वकील, कोर्ट सगळं एकदम अंगावर आलं. आदेश झाला, ढब्बू आमची झाली. पण आमच्या नावाचा जन्मदाखला अजून यायचा होता, म्हणून पासपोर्टही नव्हता.

जहाज त्याच बंदरात परत येणार असल्यामुळे तान्ह्या बाळाला पासपोर्टशिवाय घेत होते. दत्तक बाळ असेल तर मात्र कोर्टाच्या आदेशाची शिक्क्याची प्रत हवी. जहाज कंपनीच्या फोनवरच्या माणसाने मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं की शिक्का उठावदार हवा, हाताला लागला पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही.

तो शिक्का माझ्या हाताला चांगलाच ओळखीचा होता. जीव घाबरा झाला की फायलीत हात घालायचा आणि अंगठ्याने तो गोल उठाव चाचपायचा, अशी मला खोडच लागली होती. नवरा चिडवायचा, "झिजवशील एक दिवस." त्याला काय जातंय? "हिची खरी आई कोण?" असं त्याला कोणी विचारत नाही. मला दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं.

अप्पांनी विचारलं नव्हतं. पण तिला उचललंही नव्हतं. पाळण्यापाशी यायचे, हात मागे बांधून बघत राहायचे आणि आपल्या खोलीत जायचे. त्यांच्या मनाने तिला घेतलेलं नाही, असं मी धरूनच चालले होते.

रांग पुढे सरकली. मी सवयीने फायलीत हात घातला आणि अंगठा घसरला. पुन्हा चाचपलं. पुन्हा गुळगुळीत. बाहेर ओढला तर कागदाची कडक, चकचकीत पाटी झालेली. चारी बाजूंनी प्लास्टिक, कोपरे छान गोल कापलेले, आणि आत तो शिक्का इस्त्री फिरवल्यासारखा सपाट.

कोणाचं काम हे विचारायची गरजच नव्हती. अप्पा नगरपालिकेच्या नकाशा विभागातून निवृत्त झाले आणि पहिली खरेदी केली ती लॅमिनेशनच्या यंत्राची. तेव्हापासून आमच्या घरात एक कागद मोकळा श्वास घेत नाही. मिक्सरची गॅरंटी, मोठ्या नातवाचं पहिलं चित्र, सासूबाईंच्या हातची शेवटची वाणसामानाची यादी. प्लास्टिक थंड झालं की म्हणायचे, "झालं, अमर केलं." आम्ही हसायचो.

"अप्पा, याला तुम्ही हात लावलात?"

"काल संध्याकाळी. फाइल टेबलावरच होती." ते खुशीत होते. "अमर केलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात आमचा नंबर आला.

काउंटरवरच्या मुलीने कागद दिव्याखाली तिरका धरला, त्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "मॅडम, शिक्का लागत नाहीये."

"आत आहे तो. दिसतोय की."

"दिसतो तर रंगीत झेरॉक्समध्येही. दुसरी प्रत आहे?"

दुसरी प्रत कोर्टात होती आणि कोर्ट सोमवारी उघडणार होतं. वकिलांनी फोनवर कपाळावर हात मारला तो मला ऐकू आला. नवरा म्हणाला, प्लास्टिक सोलून काढू. ते गरम करून चिकटवलेलं, सोललं तर कागदाची साल निघाली असती.

मुलीने तिच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी फायलीतला दुसरा कागद वाचला, ढब्बूचा जुना जन्मदाखला. त्यात आई आणि वडील हे दोन्ही रकाने कोरे होते.

"या कागदाप्रमाणे हिला कोणी नाही," साहेब म्हणाले. अगदी सौम्यपणे म्हणाले. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. "तुम्ही बाकीचे सगळे जाऊ शकता. फक्त बाळ नाही."

दिरांनी घड्याळ बघितलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे आई राहील मागे, हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं. मलाही राहायचंच होतं, पण असं ठरवलेलं बघून माझा तोल गेला.

अप्पा बाजूला उभे राहून नखाने प्लास्टिकचा कोपरा कुरतडत होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "राहू द्या आता. झालं ना मनासारखं? तुम्हाला ती नकोच होती. एकदा तरी मांडीवर घेतलीत का तिला?"

नवरा म्हणाला, "अगं, काय बोलतेस?"

अप्पांचं नख थांबलं.

"आमच्या विभागात एकदा ओल आली," ते म्हणाले. "एका नकाशावरची हद्दीची रेघ पुसली गेली. जमीन कोणाची ते सांगणारा दुसरा कागदच नव्हता. सख्खे शेजारी जन्मभर भांडले. माझ्या डोळ्यांदेखत." त्यांनी ढब्बूकडे बघितलं. "हिला बघून छातीत धडधडायचं. वाटायचं, काहीतरी राहिलं असेल, कोणीतरी येईल आणि परत मागेल. मग जीव लावून काय करायचं? काल हा कागद यंत्रातून बाहेर आला, तेव्हा कुठे मला झोप लागली."

मी अंगठ्याने शिक्का चाचपत होते आणि ते रात्र रात्र जागत होते. एका घरात राहून आम्ही एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता.

अप्पा काउंटरवरच्या मुलीकडे वळले. "माझं नाव यादीतून काढा."

"काका, तुमचे कागद बरोबर आहेत."

"असू देत."

"अप्पा," दीर म्हणाले, "अहो, वाढदिवस तुमचा आहे."

"मग मी असेन तिथे होईल तो. तुम्ही या जाऊन, तुझा पोरगा कधीचा उड्या मारतोय." मग माझ्यापुढे हात केले. "दे तिला इकडे."

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. नवरा सामान परत मिळवायला गेला होता, ते जहाजात चढलंही होतं. समोरून ती पांढरी भिंत हळूहळू सरकायला लागली. वरून कोणीतरी हात हलवत होतं, बहुतेक जाऊबाई.

ढब्बू अप्पांच्या मांडीवर होती. अप्पांनी तिला इतकं जपून धरलं होतं की दोघंही अवघडून बसले होते. तिने शेजारचा आदेश ओढला, दोन्ही हातांत धरला आणि कोपरा तोंडात घातला. लाळेची धार शिक्क्यावरून खाली ओघळली. मी झडप घालणार, तर अप्पा म्हणाले, "चावू दे. काही होत नाही त्याला."

तरी मला राहवेना. मी रुमाल काढला आणि लाळ पुसली. खाली माझं नाव होतं, पुढे आई असं लिहिलेलं, कोरडं, जसंच्या तसं.