आतली कडी

मी एक जुनी कडी आहे. कोठीच्या दाराला आतून लावायची.

मित्रांनो, हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, देवास गेटजवळच्या एका लोहाराने मला घडवलं आणि एका मंदिराच्या सभामंडपामागे मी बसले. कोठीत तेव्हा प्रसादाचे लाडू वळत. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आले, की लाडू वळणाऱ्या बायका मला काढून दार सताड उघडं टाकत आणि डोळे पुसत ऐकत. किती पुण्याईचे दिवस ते!

पुढे मंडपात बालवाडी भरू लागली. प्रसाद वाटायचा मान तात्यांचा. टाळावर त्यांचा हात फार गोड, सगळे त्यांच्या पाया पडत. पण पुढेपुढे ते एखाद्या लेकराला ‘खास प्रसाद’ म्हणून एकटंच कोठीत आणत आणि मला लावून घेत. त्यांची बोटं लागली, की मी गार पडे. लोखंडाला वाचा कुठली?

त्याच सुमारास बालसुरक्षेचं प्रशिक्षण झालं. ‘मूल बंद दाराआड मोठ्या माणसासोबत एकटं नसावं,’ असं बालवाडीच्या जयूबाईंनी शेवटच्या पेपरात सुरेख अक्षरात लिहिलं. पूर्ण गुण!

काही आठवड्यांनी प्रशिक्षण संस्थेच्या अपर्णाताई आल्या. शिकवलेलं किती उतरलं, हे त्यांना तपासायचं होतं. त्या मागे सतरंजीवर बसल्या. तेवढ्यात तात्यांनी छोट्या मुक्ताचा हात धरला. तिने तो ओढून घेतला.

“मुक्ते, तात्यांना नाही म्हणतात का? जा बरं,” जयूबाई म्हणाल्या.

ती आत आली. मी खट्कन लागले.

बाहेर अपर्णाताईंचा आवाज आला, “जयूबाई, ते दार का लावलंय?”

“अहो, तात्या आहेत. घरचेच तर आहेत ना!”

“पेपरात काय लिहिलं होतंत?”

“ते पेपरात हो! इतक्या मोठ्या माणसाला बोलायचं कसं?”

“तुम्ही उठता, की मी उठू?”

आत मुक्ता भिंतीला चिकटली होती. लाडवाचा मुठीत चुरा झाला होता. तात्या हळूच म्हणाले, “घरी सांगायचं नाही हं.”

दार धाडधाड वाजलं. “तात्या, दार उघडा!” जयूबाईंचा आवाज कापत होता.

“जयू, माझ्यावर शक करतेस?”

“आधी दार उघडा!”

मी सरकले. मुक्ता धावत जाऊन जयूबाईंना बिलगली.

“चुकलं गं माझं. तू नाही म्हणालीस, तेच बरोबर होतं,” त्या रडत म्हणाल्या. अपर्णाताईंनी उभ्याउभ्याच चाइल्डलाइनला फोन लावला.

बालवाडीच्या बायांना उत्तर येतं, पण मोठ्यांपुढे तोंडून निघत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग नवं प्रशिक्षण झालं. एकेकीला याच दारापुढे उभं करून ‘दार उघडा!’ म्हणायला लावलं. पहिल्यांदा एकीचाही आवाज फुटला नाही.

मित्रांनो, तुमचं मन नको म्हणत असेल, तर हात ओढून घ्या आणि घरी जरूर सांगा. मोठ्यांनो, लेकरं वावरतात तिथे आतून कडी ठेवू नका.

मला उपटून भंगारात टाकलं, त्याचं मला दुःख नाही. पण काल कुणीतरी मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणालं, “अरे, ये तो बढ़िया है. कहीं लगा देंगे.”