घड्याळवाल्यांची घाई

चाळीस वर्षं दुनियेची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची स्वतःचीच वेळ चुकावी? पण चुकली. भर दुपारी, क्लबातल्या पोकर स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर, घड्याळवाले काका आपली पाळी यायच्या आधीच "ऑल इन!" म्हणून बसले आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स त्यांनी पुढे लोटल्या.

बोलायचं होतं शेजारच्या लिफ्ट-मेकॅनिकने. क्लबात पहिल्यांदाच आलेला गडी, ओळख ना पाळख. तो बापडा अजून विचारच करत होता. पण हातात दोन राजे असताना काकांना धीर कुठला!

"पंचांना बोलवा," पत्ते वाटणाऱ्या बाई म्हणाल्या.

आता पंच कोण, तर काकांचीच लेक. पंच म्हणून तिचा पहिला दिवस. "एक दिवस देतो. निकाल डगमगला, तर दुसरा पंच बघू," असं अध्यक्षांनी सकाळीच बजावलं होतं. ती आली, बाईंकडून सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "चिप्सना कोणी हात लावू नका." मग मेकॅनिककडे वळली. "पाळी तुमचीच. तुम्ही पैज लावलीत, तर यांना आपलं बोलणं मागे घेता येईल. नुसतं चेक केलंत, म्हणजे काही न लावता पाळी पुढे सोडलीत, तर यांच्यासाठी काहीच बदललं नाही. ऑल इन कायम राहील."

"चेक," तो शांतपणे म्हणाला.

टेबल खवळलं. "अहो, वयस्कर माणूस आहे, निघालं तोंडातून!" "किती जुने सभासद आहेत ते!" खुद्द अध्यक्ष उठून आले. "अगं, जाऊ दे ना. वडील आहेत तुझे."

खोटं कशाला बोला, काकांनीही आशेने तिच्याकडे पाहिलं. पोटची पोर आहे, घेईल सांभाळून.

"वडील घरी," ती म्हणाली. "इथे ते सहा नंबरचे खेळाडू. चूक त्यांची आणि भुर्दंड या पाहुण्यांना? यांच्या बाजूने बोलायला इथे कोणी नाही, म्हणून? ऑल इन कायम."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला सहा नंबर म्हणते! पण मग त्यांचं लक्ष तिच्या आवाजाकडे गेलं. खुद्द अध्यक्ष मधे पडले, तरी तो तसूभरही हलला नव्हता. एवढा खमकेपणा तर त्यांना स्वतःलाही कधी जमला नव्हता. गिऱ्हाइकाने डोळे वटारले की ते मुकाट्याने काम फुकट करून द्यायचे.

मेकॅनिकने कॉल केला, काकांच्या बरोबरीने चिप्स पुढे सरकवल्या. काकांचे दोन राजे, त्यांवर भारी त्याची पाच बदामं. खेळ खल्लास.

"सहा नंबर, खुर्ची मोकळी करा," ती म्हणाली. काका उठले. अध्यक्ष तिला म्हणाले, "पुढच्या रविवारी दहाला या. सगळी टेबलं तुमच्याकडे."

काकांनी बाहेर येऊन बायकोला फोन लावला.

"अगं, हरलो मी!"

"मग एवढे खुशीत काय ओरडताय?"

"पोरीने बाहेर काढलं मला! सगळ्यांसमोर!" आणि डोळे पुसत ते पुन्हा म्हणाले, "आपल्या पोरीने!"