लिंबोणीसाठी ऊन

“आई, ते टेबल माझ्या माहेरचं आहे हो!”

“मग? त्याला चटका बसला तर तुझे वडील भांडायला येणार आहेत का?” सासूबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या. त्यांच्या एका हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती, दुसऱ्या हातात चिमटा. समोर वर्तमानपत्रावर नखाएवढे एलईडी ओळीनं मांडलेले, आणि घरभर राळ जळल्याचा वास.

माझे वडील काही येणार नव्हते. मीच मुकाट्यानं एक जुनी फरशी शोधून आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. “शहाणी आहेस,” त्या म्हणाल्या. सासूबाईंच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे दिवस कारणी लागला.

हा सगळा खटाटोप एका लिंबोणीपायी चालला होता. माझे सासरे, म्हणजे बाबा, एका मोठ्या इस्पितळाच्या बागेत माळी होते. नोकरी संपली तशा बागेलगतच्या दोन खोल्या सोडाव्या लागल्या, त्यातच हृदयाचं दुखणं निघालं, आणि दोघं आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. बाकी सामान टेंपोत आलं. कुंडीतली लिंबोणी मात्र बाबा मांडीवर घेऊन आले. आमचं घर तसं चांगलं आहे, पण एकुलती एक गॅलरी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभी आहे. तिथे उजेड येतो, ऊन येत नाही. पंधरवडा गेला नाही तोच लिंबोणी पानं टाकायला लागली.

बाबा तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. सकाळी उठून कुंडीतली गळलेली पानं वेचायचे, एखादं चुरगळून हुंगायचे आणि बाकीची खिशात टाकायचे. कपडे धुवायला घेताना इतरांच्या खिशांत सुटे पैसे सापडतात, मला पानं सापडायची. त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, औषधं बरोबर आहेत, मन कशात तरी रमवा. कशात रमवणार? पत्त्यांचा कंटाळा, आणि टीव्ही लावला की बाबांचा डोळा लागलाच. झाड वाळत होतं आणि त्याच्याबरोबर माणूसही. लिंबोणी गेली तर बाबाही फार दिवस काढायचे नाहीत, हे माझ्या नवऱ्याला, सासूबाईंना आणि मला, तिघांनाही दिसत होतं.

शेवटी नवरा म्हणाला, “झाडं वाढवायचे दिवे मिळतात. एक मागवू या.”

“विकत कशाला?” सासूबाई ताडकन म्हणाल्या. “सोल्डरिंग करण्यात जन्म गेला माझा.”

ते खरंच होतं. टीव्हीचे सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात त्या कामाला होत्या. उजवीकडून बोर्ड यायचा, त्यावरच्या एका भागाचे चार पाय जोडायचे आणि बोर्ड डावीकडे सरकवायचा. लग्नाच्या आधीपासून ते केस पिकेपर्यंत एवढंच. एकदा वाटाणे सोलता सोलता त्या मला म्हणाल्या होत्या, “एक अख्खी वस्तू कधी माझ्या हातून झाली नाही गं. टीव्ही बघताना वाटतं, यातले चार ठिपके माझे असतील. बाकी कुणाकुणाचे.”

तर आम्ही दोघी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता. म्हणाला, “एलईडीला मोकळी वीज दिली तर तो अधाशासारखी पितो आणि जळतो. म्हणून मध्ये हा ड्रायव्हर. हा मापातच देणार, वर एक थेंब नाही.”

“म्हणजे घरात सासू असते तसा,” मी म्हणाले.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं, पण ड्रायव्हर घेतला. एलईडी बसवायला जुन्या ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा घेतला. त्याच्या पाठीला कंगव्यासारखे दाते होते, उष्णता त्यांतून हवेत निघून जावी म्हणून. दुकानदार छोटा पंखाही दाखवत होता. “दिव्याला कसला पंखा? तो काय पाहुणा आहे?” असं म्हणून सासूबाई पायऱ्या उतरल्यासुद्धा.

दिवा लागला तेव्हा गॅलरी अशी उजळली की समोरच्या भिंतीवरची प्रत्येक भेग दिसायला लागली. पांढऱ्यात थोडे तांबडे एलईडी, त्यामुळे बाबांच्या गालांवरही जरा रंग आल्यासारखा वाटला. “झाडाला फसवता येत नसतं,” ते पुटपुटले. पण खुर्ची ओढून कुंडीजवळ बसले. सासूबाई त्या दिवशी गुणगुणत होत्या. माझं लग्न झाल्यापासून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी काहीतरी करपल्याचा वास आला. मी आधी गॅसकडे धावले, मग गॅलरीकडे. दिवा विझला होता. एक एलईडी जळाला आणि माळेतले बाकीचेही त्याच्याबरोबर अंधारात गेले. वरची उरलीसुरली पानं कडेनं तपकिरी झाली होती, कारण दिवा आम्ही त्यांच्या डोक्यावरच टांगला होता. बाबांनी ती पानं खुडली आणि खिशात घातली.

“राहू दे आता,” ते सासूबाईंना म्हणाले. “तू केलंस तेवढं पुष्कळ झालं. वेळ आली की कुणी थांबत नाही.”

बोलत होते ते झाडाबद्दलच. तरी मला तिथे उभं राहवेना.

सासूबाईंनी दिवा टेबलावर घेऊन खोलला. बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला, आणि मग कपाळावर हात मारला. “पेस्ट राहिली!”

एलईडी आणि पत्रा यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावायची असते. ती नसली तर उष्णता पत्र्यात उतरतच नाही, जागच्या जागी कोंडते. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याच कारखान्यात लावायचे. पण पुढच्या टेबलावर.

“चार जोड दिले की बोर्ड माझ्यापुरता तयार,” त्या म्हणाल्या. “मान वर करून पुढे बघितलं की सुपरवायझर ओरडायचा. इतकी वर्षं बघितलंच नाही मी. आता त्यांचं झाड मारलं.” चष्मा काढून त्या काचा पुसायला लागल्या. पुसून झाल्या तरी पुसतच राहिल्या. फार वाईट वाटलं मला. एरवी एक शब्द खाली पडू न देणारी ही बाई, आणि आज माझ्याच माहेरच्या टेबलाशी बसून हरली होती.

“पुढच्या टेबलावर कोण बसायचं?” मी विचारलं.

“पेस्टवाली.”

“मग बोलवा तिला.”

“अगं, बोललोय कुठे आम्ही कधी? कामात तोंड उघडायचं नाही, आणि डब्याची सुट्टीही वेगळी.” तिचा नंबर मात्र होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी घेतलेला आणि कधी न लावलेला. मीच लावून फोन त्यांच्या कानाला धरला.

पेस्टवाली दुसऱ्याच दिवशी आली. चांगली जाडजूड, तीन जिने चढून धापा टाकणारी आणि धापांच्या मधून हसणारी. पाणीसुद्धा न पिता तिनं तो मेलेला दिवा उचलला आणि जोडांवरून अंगठा फिरवला.

“तुझेच! तोंड आज नीट बघतेय, पण हे जोड कुठेही ओळखेन. शेवटी सळई उचलताना वर एक टोक ठेवतेस बघ. टोचायचं ना माझ्या बोटांना! किती शिव्या दिल्यात मी तुला, बाई.”

“मला एकही ऐकू आली नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“मनात द्यायचे. बोलायला बंदी होती ना.”

दोघी एवढ्या हसल्या की खुर्चीत डुलकी घेणाऱ्या बाबांनी डोळे उघडले. मग कामाला लागल्या. सासूबाईंनी जळका एलईडी काढून उरलेल्यातला एक तिथे जोडला. ठरवल्याशिवायच पेस्टवाली सासूबाईंच्या डाव्या हाताला बसली. तिनं पत्रा घासून चकचकीत केला, प्रत्येक एलईडीखाली मोहरीच्या दोन दाण्यांएवढी पेस्ट पसरली. “पातळ हवी. जाड झाली की उलट पांघरूण होतं.” आणि पंख्याचा विषय तिनंच काढला. “डोकं गरम राहिलं की आयुष्य कमी होतं, मग नवरा असो की दिवा.” माळ्यावर आमचा मेलेला कॉम्प्युटर पडला होता, त्याचा पंखा निघाला. तो पत्र्याच्या दात्यांवर बसवला, त्याला वेगळा अडॅप्टर दिला.

“आता टांग पहिल्यासारखा,” सासूबाई मला म्हणाल्या.

“पहिल्यासारखा टांगूनच पानं भाजली,” खुर्चीतून आवाज आला.

बाबा उठले. दिवा लावायला सांगून त्यांनी हात पालथा केला, फांदीच्या टोकाशी धरला आणि डोळे मिटले. “वर घ्या. अजून. अजून थोडा.” मी स्टुलावर चढून दोरी ओढत होते, माझे हात भरून आले. “हां, बस. हे सकाळी नऊचं ऊन. याच्या पुढचं तिला आत्ता झेपायचं नाही.”

“घ्या, टेस्टिंगचा माणूसही घरातच निघाला,” पेस्टवाली म्हणाली.

मग त्यांनी कात्री मागितली. एकेक वाळकी फांदी कापत ते असे खाली आले की सासूबाई कळवळल्या, “अहो, उरलं काय मग?”

“जेवढं जिवंत आहे तेवढं उरलं.”

उरलं होतं वीतभर खोड आणि दोन खुंट. पंखा दिवसभर घुरघुरायचा, फोनवर बोलणं मुश्कील व्हायचं. पण दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. “झाडालाही रात्र लागते,” म्हणून संध्याकाळी कुणाला तो चालू ठेवू द्यायचे नाहीत. सकाळचा चहा झाला की पत्र्याला बोट लावून बघायचे, आणि “कोमट आहे” असं आत ओरडून सांगायचे. आत सासूबाई “हं” म्हणायच्या. जेवताना बाबा पोळी मागून घ्यायला लागले. खुंट मात्र तसेच कोरडे. मी तर मनातून आशा सोडली होती.

आणि एक दिवस सकाळी हाक आली. “अगं, ऐकलंस का? ये इकडे लवकर!”

सासूबाई ओल्या हातांनी धावल्या, त्यांच्यामागे मी. डाव्या खुंटाच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढा जांभळट कोंब होता. सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं. मग त्यांची नजर वर दिव्याकडे गेली.

“तो कडेचा मंद वाटतोय का हो? स्क्रू जरा आवळते.”

त्यांचा वर गेलेला हात बाबांनी धरला आणि खाली घेतला. “काही आवळायचं नाही. बस इथं.” स्वतः खुर्चीतून उठून त्यांनी सासूबाईंना तिथे बसवलं. “आता काही करू नकोस. नुसतं बघ.”

नुसतं बघायची त्या बाईला सवयच नव्हती. आता कुणी उठवेल अशा बेतानं, ओले हात मांडीवर घेऊन त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. कुणी उठवलं नाही. मग हळूहळू मागे सरून त्यांनी पाठ टेकवली आणि दिव्यापासून कुंडीपर्यंत सगळं बघत राहिल्या. बाबांना दम लागला होता, तरी खुर्चीची पाठ धरून ते उभेच होते. मी त्यांच्यासाठी स्टूल आणलं, दाराशी ठेवलं आणि आवाज न करता आत गेले.